मावर्दी आज कशासाठी वाचावा?

प्रश्न : मी राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. कौटिल्य आणि मॅकियाव्हेली आम्हाला अभ्यासाला आहेत. अभिजात इस्लामी राजकीय विचारावर प्रबंधिका लिहिण्याचे मी ठरवले, तेव्हा 'हजार वर्षांपूर्वीच्या धर्मशास्त्र्यांचे आज काय काम?' असे घरी आणि वर्गातही ऐकावे लागले. आपले मत काय?
– एक वाचक, कुर्ला

उत्तर : आपल्या शंकेचे उत्तर बगदादच्या आधी भायखळ्यातच सापडेल. तेथील खिलाफत हाउस ज्या चळवळीची आठवण देते, तिची समिती १९१९ साली मुंबईत स्थापन झाली. तुर्कस्तानच्या सुलतानाला खलिफा मानायचे, तर एक जुनी अडचण आडवी येत होती. बगदादचा न्यायाधीश मावर्दी (मृत्यू १०५८) याने 'अल-अहकाम अल-सुलतानिया' या ग्रंथात खलिफासाठी ज्या अटी घातल्या, त्यांत तो कुरैश, म्हणजे पैगंबरांच्या, वंशातला असावा ही एक अट होती आणि तुर्कस्तानचे उस्मानी सुलतान कुरैश नव्हते. म्हणून १९२० साली मौलाना आझादांना या अटीचा सविस्तर प्रतिवाद करावा लागला.

वाद मात्र त्याहून जुना आहे. १३३२ साली ट्युनिसमध्ये जन्मलेल्या इतिहासकार इब्न खल्दूनने या अटीमागचे कारणच शोधले. अरबांना एकत्र बांधून ठेवण्याइतकी 'असबिया', म्हणजे जमातीची एकजूट, त्या काळी कुरैशांकडेच होती, म्हणून ती अट आली; तेव्हा पाहायची ती एकजूट, नुसता वंश नव्हे, असा त्याचा युक्तिवाद आहे. खुद्द मावर्दीही पोकळीत बसून लिहीत नव्हता. ९४५ पासून बगदादेत खरी सत्ता बुवैही घराण्यातल्या शिया अमिरांच्या हाती होती आणि सुन्नी खलिफा नावापुरता उरला होता. बळाने प्रांत बळकावणाऱ्या अमिराने खलिफाला मान दिला आणि शरियत पाळली, तर त्याचा अंमल वैध धरावा, असे मावर्दी म्हणतो. मला तरी त्यात धर्माज्ञेपेक्षा एका चाणाक्ष न्यायाधीशाची तडजोड अधिक दिसते. 'इस्लाममध्ये राज्य असेच असते' असे छातीठोकपणे सांगणारे, मग ते कैवारी असोत वा विरोधक, ही पाने उघडत नाहीत. (आपली 'मसलत'ही तिकडचीच. फकिहांच्या, म्हणजे इस्लामी कायदेपंडितांच्या, परिभाषेत 'मस्लहा' म्हणजे लोकहित. मराठीत येईपर्यंत त्याचे खलबत झाले.)

या परंपरेचे गोडवे गावेत, असे मात्र नाही. चौदाव्या शतकातला दिल्लीचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी राजाला गरजेप्रमाणे 'जवाबित', म्हणजे राज्यकारभाराचे स्वतंत्र कायदे, करण्याची मुभा देतो. आणि तोच बरनी हलक्या कुळातल्यांना शिकवू नये, असे बजावतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही दुसरी गोष्ट ओळखीची वाटेल.

प्रबंधिकेसाठी सबंध परंपरा घेऊ नका. कुरैशांच्या अटीचाच माग मावर्दीपासून इब्न खल्दूनमार्गे आझादांपर्यंत काढा; एका वर्षाला तेवढा विषय पुरेसा आहे. मावर्दी अथपासून इतिपर्यंत वाचण्याचा हट्ट नको, कारण करआकारणीची प्रकरणे रुक्ष आहेत. शेवटचे प्रकरण मात्र सोडू नका. त्यात बाजारातली वजने-मापे तपासणारा मुहतसिब भेटतो.