प्लेस्टेशन घ्या, पण कार्डाची थकबाकी फेडून

प्रश्न: आम्ही नागपूरच्या मनीषनगरात राहतो. हातात पगार ६२,००० रुपये येतो. गृहकर्जाचा हप्ता २१,०००, घरखर्च २९,०००, एसआयपी ४,०००. क्रेडिट कार्डावर ३२,००० थकले आहेत, सध्या दरमहा किमान रक्कम भरतो. तीन महिन्यांच्या खर्चाएवढी एफडी आहे. आता दिवाळीचा ४५,००० बोनस आलाय. नववीतल्या मुलासाठी डिस्कवालं प्लेस्टेशन ५ स्लिम हे गेम कन्सोल (२०२४ च्या भावाने ५४,९९०) बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊन बोनस एफडीत टाकावा, की तेव्हाच्याच भावाने ४४,९९० चं, डिस्कशिवाय फक्त डाउनलोडवर चालणारं डिजिटल रोखीने घ्यावं?

उत्तर: दोन्ही नको. घ्यायचं ते डिस्कवालंच, पण साधारण सहा महिन्यांनी आणि रोखीने.

आधी कार्ड बघा. महिन्याला साडेतीन टक्के दर धरला तर ३२,००० वर १,१२० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास १,३२० रुपये दर महिन्याला जातात. बोनसची एफडी महिन्याला अडीचशेच्या आसपास देईल. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही; किराणा कार्डावर घेतला तरी त्याच दिवसापासून व्याज लागतं. त्यात कन्सोलचा ईएमआय आला की तो पूर्ण हप्ता किमान देय रकमेत मिसळतो, आणि किमान रक्कम भरून निभावण्याची तुमची सध्याची पद्धत तिथेच कोलमडते.

नो-कॉस्ट ईएमआयमध्येही बँक व्याज लावतेच. तेवढी सवलत सुरुवातीला किमतीतून वजा होते, म्हणून ते दिसत नाही. १६ टक्के दराने बारा महिन्यांचं व्याज सुमारे ४,४८० रुपये होतं. ते सवलतीत फिटलं, तरी त्यावरचा जीएसटी, सुमारे ८०७ रुपये, तुमच्याच खिशातून जातो. प्रोसेसिंग फी वेगळी. आणि रोख सवलत असेल तर ती बहुधा ईएमआयवर मिळत नाही, तेव्हा सीताबर्डीच्या दुकानात दोन्ही भाव स्वतंत्र विचारा.

म्हणून बोनसमधून आजच ३२,००० भरा. पुढच्या स्टेटमेंटला थोडं व्याज पुन्हा दिसेल, कारण ते तुम्ही पैसे भरले त्या दिवसापर्यंतचं असतं. तेही भरून टाका. उरले १३,०००. खर्च वजा जाता तुमच्याकडे महिन्याला ८,००० राहतात, त्यांची सहा महिन्यांची आरडी (दरमहा भरायची ठेव) करा. ४८,००० आणि १३,००० मिळून ६१,०००: कन्सोल आणि एक गेम. आधीची एफडी मोडू नका, एसआयपी थांबवू नका.

डिजिटलमध्ये वाचणारे १०,००० फसवे आहेत. नवा मोठा गेम पाच हजारांच्या घरात जातो. डिस्क असेल तर खेळून झाल्यावर विकता येते, मित्रांमध्ये फिरवता येते, जुनी स्वस्तात मिळते. डिजिटल गेम खात्याशी बांधलेला, तो विकताच येत नाही. एका डिस्कमागे दोन हजार परत आले, तर पाच गेममध्ये फरक भरून निघतो. वर्षाला एखादाच गेम घेणार असाल तर मात्र डिजिटल ठीक. स्लिमला डिस्क ड्राइव्ह नंतरही जोडता येतो, पहिल्या जोडणीला इंटरनेट लागतं.

बॉक्सवर नसलेले खर्चही धरा. विकत घेतलेले गेम ऑनलाइन इतरांसोबत खेळायला प्लेस्टेशन प्लसची वर्गणी लागते. फोर्टनाइटसारख्या मोफत गेमला लागत नाही. दुसरा कंट्रोलर सहा हजारांच्या आसपास. साठवणुकीच्या १ टीबीपैकी वापरायला सुमारे ८४० जीबी मिळतात, आणि मोठा गेम शंभर जीबी खातो. तरी आतली साठवण वाढवणारी एसएसडी आत्ता घेऊ नका: साध्या यूएसबी हार्ड डिस्कवर पीएस५ चे गेम साठवून ठेवता येतात. तिथून ते चालत नाहीत, पण परत डाउनलोड करायचा त्रास वाचतो. विजेचं म्हणाल तर मोठा गेम चालताना साधारण २०० वॉट, म्हणजे रोज दोन तासांना महिन्याला १२ युनिट. महावितरणच्या बिलात १०० किंवा ३०० युनिटच्या काठावर असाल तर वरचे युनिट महाग दराने पडतील.

सहा महिन्यांनी खरेदी म्हणजे ऐन वैशाख. हे यंत्र ५ ते ३५ अंशांत चालवण्यासाठी बनलेलं आहे, आणि नागपुरात तेव्हा पारा ४५ ला टेकतो. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात ठेवलं तर गरम हवा तिथेच फिरत राहते, आधी पंखा ओरडतो, मग इशारा येऊन यंत्र बंद पडतं. उघड्यावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. कूलरच्या थेट झोतात नको, ओल आणि धूळ दोन्ही आत जातात. दुपारी एसी नसलेल्या खोलीत खेळणं टाळा.

जुनं कन्सोल पाहायचं असेल तर बिलावरचा आणि यंत्रावरचा सिरियल नंबर जुळवा, विकणाऱ्याच्या घरी अर्धा तास गेम चालवा, एचडीएमआय केबल पोर्टमध्ये हलवून बघा आणि त्याच्यासमोरच तुमच्या खात्याने ऑनलाइन जा. सोनीने ऑनलाइन बंदी घातलेलं यंत्र तिथेच कळतं.

मुलाचं प्लेस्टेशन खातं ‘चाइल्ड’ म्हणूनच उघडा. त्यात महिन्याची खर्चमर्यादा मुळात शून्य असते, ती एरवी तशीच ठेवा आणि क्रेडिट कार्ड प्लेस्टेशनच्या ऑनलाइन स्टोअरमध्ये नोंदवू नका. गेमच्या आतली खरेदी करायचीच असेल तर ठरलेल्या रकमेचा वॉलेट कोड (प्रीपेड रिचार्ज) तुमच्या खात्यात भरा आणि मुलाची मर्यादा तेवढ्यापुरतीच वाढवा.