आधी साखळी बघ, मग गाठी

पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचे पदार्थ, शिकताना नावं पाठ करत बसू नकोस. रबराचे दोन तुकडे घे, एक कच्चा आणि एक व्हल्कनाइझ केलेला (गंधकाबरोबर तापवलेला), आणि दोन्ही टोल्युइन या द्रावकात ठेव. दुसऱ्या दिवशी कच्चा तुकडा विरघळून चिकट, दाट द्रव झालेला असतो. दुसरा नुसता फुगतो, पण आकार सोडत नाही. क्रॉसलिंकिंग म्हणजे काय, हे मला तरी तेव्हाच खरं कळलं. गंधकाच्या पुलांनी साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात, त्यामुळे द्रावक आत शिरतो पण त्यांना सुटं करू शकत नाही. जितका कमी फुगेल, तितक्या या पुलांच्या गाठी जास्त.

१०० भाग रबराला २-३ भाग गंधक दिलं की लवचीक रबर मिळतं. ३० च्या पुढे गेलास की एबोनाइट, लाकडासारखं कडक. म्हणून जास्त गाठी म्हणजे चांगला माल, असं समजू नकोस. नवखे इथेच फसतात.

आणि गाठींइतकंच साखळीकडेही बघ. पॉलिइथिलीनला बाजूला फक्त हायड्रोजन, म्हणून ते मऊ. पॉलिस्टायरीनला तिथे बेंझिनचं अवजड कडं लटकतं, साखळीला वळता येत नाही, म्हणून ते साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत काचेसारखं ताठ राहतं. तिथे एकही गाठ नसते!