निगेटिव्ह पुसण्याआधी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आमच्या घराच्या माळ्यावरील ट्रंकेत आजोबांनी काढलेल्या छायाचित्रांच्या सुमारे चाळीस चौकोनी फिल्म निगेटिव्ह आणि स्टुडिओत काढलेल्या पाच काचेच्या निगेटिव्ह सापडल्या. काहींवर पांढऱ्या तंतूंची बुरशी आहे आणि दोन कागदी पाकिटाला चिकटल्या आहेत. साबणाच्या पाण्यात धुऊन घ्याव्यात, असे एका परिचितांनी सुचवले आहे. आजीच्या नव्वदाव्या वाढदिवसाला त्यांचे फोटो करून द्यायचे आहेत. काय करावे? (एक वाचिका, राजापूर)

उत्तर : साबणाचे पाणी कृपया वापरू नका. निगेटिव्हवरील प्रतिमा म्हणजे जिलेटिनच्या पातळ थरात अडकलेले चांदीचे अतिसूक्ष्म कण असतात. बुरशी हे जिलेटिन खाऊनच वाढते आणि जिथे ती पोसली असेल तिथला थर पाण्यात विरघळण्याजोगा होऊन बसतो. अशी निगेटिव्ह पाण्यात घातली की बुरशीबरोबर आजोबांनी टिपलेला चेहराही वाहून जातो आणि तो परत मिळवण्याचा कोणताही उपाय नाही.

म्हणून पहिले काम साफसफाईचे नसून नक्कल करण्याचे आहे. निगेटिव्ह आज जशी आहे तशीच, डागांसकट, तिची प्रत घ्यावी. एलईडीच्या लाइट-पॅडवर ती ठेवून मॅक्रो लेन्सच्या कॅमेऱ्याने फोटो काढता येतो किंवा फिल्मची सोय असलेल्या फ्लॅटबेड स्कॅनरवर स्कॅन करता येते. सहा सेंटिमीटरच्या चौकोनी निगेटिव्हला २४०० डीपीआय (दर इंचातील बिंदूंची संख्या) ठेवल्यास प्रत्येक बाजूला पाच हजारांहून अधिक पिक्सेल मिळतात आणि भिंतीवर लावण्याजोग्या मोठ्या फोटोला ते पुरतात. स्कॅनरमधील इन्फ्रारेडने धूळ काढण्याची सोय मात्र बंद ठेवावी, कारण कृष्णधवल निगेटिव्हमधील चांदी इन्फ्रारेड किरण अडवते आणि यंत्र प्रतिमेलाच धूळ समजून बसते. आजीच्या वाढदिवसाचे फोटो या प्रतींवरूनच करून घ्यावेत, म्हणजे साफसफाईची घाई राहणार नाही.

साफसफाई करताना निगेटिव्ह नेहमी कडांनी धरावी, आणि हातात स्वच्छ मोजे असावेत. उजेडात तिरपी धरली की एक बाजू चकचकीत आणि दुसरी मंद दिसते. मंद बाजूला प्रतिमेचा थर असतो. आधी रबरी फुंकणीने धूळ उडवावी आणि मग मऊ केसांच्या ब्रशने, जराही न दाबता, झटकावी. वाळलेल्या बुरशीचे काम मोकळ्या हवेत आणि तोंडावर मास्क लावून करावे. चकचकीत बाजूवरील बोटांच्या खुणांसाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलसर, थेंब न गळणारा कापसाचा बोळा चालतो. औषधांच्या दुकानात सहसा मिळणारे ७० टक्क्यांचे नको, कारण त्यात उरलेला भाग पाण्याचा असतो. आधी एका कोपऱ्यावर करून पाहावे, आणि ज्या निगेटिव्हवर वॉर्निश असेल किंवा जिचा काळ ठाऊक नसेल, तिला अल्कोहोल लावूच नये.

स्टुडिओच्या काचेच्या निगेटिव्ह पाहताना आणखी एक सांभाळावे. चेहऱ्याच्या जागी पेन्सिलीच्या बारीक रेघा किंवा लालसर रंग दिसला, तर तो मळ नव्हे. डोळ्यांखालची सावली किंवा देवीचे व्रण फोटोत दिसू नयेत म्हणून त्या काळचे कारागीर तासन्‌तास बसून हे रिटचिंग करीत. एका स्टुडिओत अशी काच स्पिरिटने लख्ख पुसलेली मी पाहिली आहे. त्या कारागिराच्या हाताची एकही खूण तिच्यावर उरली नव्हती, आणि त्याची हळहळ मला आजही वाटते. काचेची निगेटिव्ह तडकलेली असेल तर चिकटपट्टी न लावता ती दोन स्वच्छ काचांच्या मध्ये ठेवावी. पाकिटाला चिकटलेल्या दोन्ही निगेटिव्ह ओढू नका, त्या छायाचित्र-संवर्धकाकडेच द्याव्यात.

फिल्मच्या कडेवर ‘सेफ्टी’ हा शब्द छापला आहे का, तेही पाहावे. असेल तर ती बहुधा अॅसिटेट या प्लास्टिकच्या पट्टीची आहे. तिला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ऱ्हास सुरू झाला आहे, तिची प्रत सर्वांत आधी घ्यावी आणि ती इतरांपासून वेगळी ठेवावी. शब्द नसेल आणि फिल्म तांबूस, चिकट झाली असेल, तर ती नायट्रेट या त्याहून जुन्या प्लास्टिकची असण्याची शक्यता आहे. नायट्रेट अतिशय ज्वालाग्राही असते. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेटवरील कितीतरी जुने भारतीय चित्रपट कायमचे गेले. अशी फिल्म माळ्यावरच्या उष्णतेत क्षणभरही ठेवू नये.

प्रश्न : मला जुन्या निगेटिव्हवरून घरीच, डार्करूममध्ये, कागदावर प्रिंट काढायचे आहेत. उन्हाळ्यात नागपुरात हे शक्य आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : शक्य आहे, मात्र पाण्याचे तापमान सांभाळावे लागेल. बहुतेक डेव्हलपर, म्हणजे कागदावर प्रतिमा उमटवणारी द्रावणे, २० अंश सेल्सियसला धरून बनवलेले असतात. द्रावण तापले की प्रतिमा भराभर उमटते आणि काळसर-धुरकट होते. ट्रे मोठ्या परातीत ठेवून परातीतल्या पाण्यात बर्फाची बंद बाटली सोडावी. डेव्हलपरमध्येच बर्फ घातल्यास तो पातळ होतो.

निगेटिव्ह मोठी असेल तर एन्लार्जरचीही, म्हणजे प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राचीही, गरज नाही. लाल दिव्याच्या उजेडात कागदाच्या चकचकीत बाजूवर निगेटिव्हची मंद बाजू ठेवावी, वर जाड काच दाबावी आणि काही सेकंद पांढरा उजेड द्यावा. किती सेकंद, हे कागदाच्या पट्टीवर वेगवेगळा वेळ देऊन ठरवावे. त्या काळच्या निगेटिव्ह पुष्कळदा दाट असतात, कारण त्या निगेटिव्ह थेट वर ठेवून छापायच्या, कमी संवेदनशील कॉन्टॅक्ट कागदासाठी बनवलेल्या असत. म्हणून वेळ अपेक्षेपेक्षा जास्त लागतो आणि आजच्या कागदावर १ क्रमांकाचा सौम्य फिल्टर वापरल्यास पांढऱ्या साडीच्या चुण्याही उमटतात. हायपोनंतर, म्हणजे प्रतिमा पक्की करणाऱ्या द्रावणानंतर, मात्र धुण्यात कसूर नको. प्लास्टिकचा लेप असलेल्या कागदाला वाहत्या पाण्यात काही मिनिटे पुरतात, तर साध्या फायबर कागदाला तासभर लागतो. आत राहिलेला हायपो पुढे प्रिंट पिवळा पाडतो.

प्रश्न : पावसाळ्यात निगेटिव्ह कशात ठेवाव्यात? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : प्रत्येक निगेटिव्ह आम्लरहित कागदाच्या स्वतंत्र पाकिटात ठेवावी. पीव्हीसीची पाकिटे टाळावीत. सर्व पाकिटे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावीत आणि जेलचा रंग बदलला की ते पुन्हा तापवून सुकवावे. डांबराच्या गोळ्यांनी दमटपणा कमी होत नाही. डबा बाहेरच्या भिंतीला लागून नसलेल्या कपाटात, मधल्या फळीवर असावा.