दूध बंद केलं, तरी अंगावर गांधी का उठतात?

प्रश्न: माझ्या ४ वर्षांच्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे. दूध, दही, चीज बंद केलंय. तरी बिस्किट खाल्लं की अंगावर गांधी उठतात. लॅक्टोज-फ्री दूध द्यावं का?

उत्तर: अजिबात देऊ नका. त्यातली फक्त साखर, म्हणजे लॅक्टोज, मोडलेली असते. ॲलर्जी होते ती दुधातल्या प्रथिनांची आणि ती त्यात जशीच्या तशी असतात.

आता बिस्किटाचं पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचा. ‘दूध’ हा शब्द कदाचित सापडणार नाही, पण व्हे पावडर, केसीन (दुधातलं एक प्रथिन), सोडियम केसिनेट, मिल्क सॉलिड्स असं काही दिसेल. हे सगळं दूधच. ब्रेड, सूपची पाकिटं, चिप्सवरचा मसाला, सॉसेज यांतही ते असू शकतं. ‘नॉन-डेअरी’ (दूधविरहित) म्हणवणाऱ्या क्रीमरमध्ये, म्हणजे चहा-कॉफीत घालायच्या पावडरमध्येसुद्धा, केसिनेट असू शकतं, आणि तिथेच बरेच पालक फसतात. उत्पादक घटक बदलतात, म्हणून नेहमीचं पाकीटही दर वेळी वाचा.

भाजल्याने धोका टळेल असं धरून चालू नका. केसीन उष्णतेला बरंच टिकतं. भाजलेले पदार्थ देऊन पाहायचे असतील तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

दुधाचे पदार्थ हाताळल्यावर हात साबण-पाण्याने धुवा. सॅनिटायझरने प्रथिनं निघत नाहीत.

श्वास घरघरला, आवाज बसला किंवा मूल मलूल पडलं, तर डॉक्टरांनी दिलेलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लगेच मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्या, मुलाला आडवं ठेवा (धाप लागत असेल तर बसवा) आणि रुग्णवाहिका बोलवा. ॲलर्जीच्या गोळीचा परिणाम होण्याची वाट पाहू नका.