घोडा दिसण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, फोटोही पाहिले. देवळाच्या पायऱ्या, ओसरीवर बसलेली माणसं हे तुला छान जमतं. समोर काही धावू लागलं की मात्र सगळं पुसट होतं. यंदा वारीत रिंगण, म्हणजे अश्वांची ती दौड, टिपायचं म्हणतोस आणि त्यासाठी नवा कॅमेरा घ्यावा का, असं विचारतोस. घेऊ नकोस. आहे तो कॅमेरा आणि ती लांबचं जवळ आणणारी ७०-३०० ची लेन्स रिंगणाला पुरते. कमी पडतंय ते घोडा दिसण्याआधी करायचं काम.

पहिल्यांदा वेगाचा हिशेब कर. दौडणारा घोडा ताशी ४५ किलोमीटरने जातो असं धर, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. शटर १/६० सेकंदावर असेल तर तेवढ्या वेळात तो जवळजवळ वीतभर पुढे सरकतो. १/१००० वर सव्वा सेंटिमीटर, १/२००० वर त्याच्या निम्मं. पाय तर अंगापेक्षाही जोरात पुढे फेकले जातात. खूर, आयाळ आणि उडणारी माती स्पष्ट हवी असेल तर शटर १/१६०० पेक्षा मंद ठेवू नकोस. पावसाळी आभाळात त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, वाढेल, वाढू दे. फोटोत दाणे दिसले तर चालतं, हललेला फोटो मात्र मागाहून सावरता येत नाही. सायलेंट शटर बंद ठेव. त्यात सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, म्हणून वेगातले पाय तिरके उमटतात. आणि चहूकडे पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या असल्या की कॅमेरा फसतो, चित्र काळवंडतं. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, अर्ध्या-पाऊण स्टॉपने वाढवून घे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड).

आता जागा. उभं रिंगण आणि गोल रिंगण यांत फोटोच्या दृष्टीने फार फरक आहे. माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण तरडगावाजवळ चांदोबाच्या लिंबाला होतं. तिथे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व धावत येतो. तू रांगेत पुढे असलास तर तो जवळजवळ सरळ तुझ्याकडेच येतो. चौकटीत फारसा सरकत नाही, पण क्षणाक्षणाला अंतर कमी होतं, म्हणजे सगळी कसोटी फोकसची. सरकत्या वस्तूमागे फोकस सतत बदलत राहील अशी सोय, म्हणजे कॅननवर एआय सर्व्हो, निकॉन-सोनीवर एएफ-सी, लाव आणि फोकसचा चौकोन लहान ठेव, नाहीतर मधेच फडफडणारी पताका तो पकडून बसेल. तुकोबांच्या पालखीचं बेलवाडीचं रिंगण गोल. तिथे तुझ्या बाजूने जाताना अश्व आडवा जातो आणि डोळ्यांदेखत चौकट सोडून निघून जातो. गोलाच्या केंद्रातून पाहिलं तर त्याचं अंतर बदलणारच नाही, पण मध्यभागी पालखी असते. ती जागा आपली नाही, मागूही नकोस.

घोड्याची चालही शिकून घे. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून दौडणारी घोडी टिपली. चित्रकार तोवर चारी पाय लांब फाकवून घोडा हवेत दाखवत. फोटोंत दिसलं ते उलटंच: चारी खूर जमिनीवरून सुटतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. पाय ताणलेले असतात तेव्हा एखादा तरी खूर टेकलेला असतो. बर्स्टमधून, म्हणजे एका दमात काढलेल्या ओळीने फोटोंतून, निवडताना हे ठाऊक असलं की नजर नेमकी त्या फ्रेमवर जाते.

पण मला खरी ओढ पॅनिंगची, म्हणजे धावत्या वस्तूबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढण्याची, आहे आणि तू तेच शिकावंस असं मनापासून वाटतं. १/२००० वर घोडा स्वच्छ येतो, पण कधीकधी तो धावतोय असं वाटतच नाही, आणि मागची हजार डोकीही तितकीच स्वच्छ येऊन गर्दी करतात. शटर १/४० वर आण, घोड्याबरोबर कॅमेरा फिरव, की मागचा जमाव पांढऱ्या-भगव्या पट्ट्यांत विरघळतो आणि त्यातून घोड्याचं डोकं तेवढं ठळक येतं. यात सगळे हात हलवायला शिकतात, पायांकडे कुणी पाहत नाही. पाय रोवायचे ते जिथे बटण दाबायचं त्या दिशेला. मग कमरेतून वळून घोडा येतो त्या बाजूला जायचं, तिथेच त्याला फोकसमध्ये घ्यायचं आणि हळूहळू पीळ सोडत यायचं. शरीर सरळ होतं त्या ठिकाणी क्लिक. क्लिक झाल्यावर थांबायचं नाही, कॅमेरा पुढे जातच राहिला पाहिजे. बहुतेक फ्रेम वाया जातील, सगळ्यांच्याच जातात.

हे मैदानावर जाऊन शिकायला वेळ नसतो, पण रिंगणच तुला तालीम देतं. अश्वाआधी पताकाधारी धावतात, डोक्यावर तुळस आणि हंडे घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी धावतात. पुष्कळ छायाचित्रकार तेव्हा घोड्याची वाट पाहत मान खाली घालून बसतात. तू या धावणाऱ्यांवर जागा, उजेड, लेन्स सगळं तपासून घे. ती माणसं घोड्याइतकीच टिपण्याजोगी आहेत हे वेगळं सांगायला नको. मग स्वाराचा अश्व येईल आणि त्याच्या मागून स्वार नसलेला माउलींचा. पुढचा गेला म्हणून कॅमेरा खाली करू नकोस.

अश्व गेले की टापांखालची माती कपाळी लावायला माणसं धावतात. तिथे घाईने मधे घुसायचं नाही. जागा हवी तर ‘माउली, जरा सरकता का’ म्हण, सरकतात. त्यानंतर उडीचे खेळ सुरू होतात आणि माझ्या मते शिकाऊ माणसाला याहून चांगली शाळा नाही. उडीच्या अगदी वरच्या टोकाला माणूस क्षणभर स्थिर असतो, तिथे १/५०० सुद्धा भागतं. तो क्षण डोळ्यांनी पकडायला गेलास तर उशीर होईल. पखवाज ऐक. टाळ-पखवाजाच्या ठेक्यावरच उड्या पडतात, त्या ठेक्यावर मान हलू लागली की बोट आपोआप वेळेवर पडतं.

आषाढाला अजून अवकाश आहे. तोवर रोज संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभं राहून सायकलवाल्यांवर पॅनिंग कर. १/१२५ पासून सुरू करून एकेक पायरी खाली ये. आणि फोटो कॅमेऱ्यातच पुसू नकोस. कार्ड तसंच घेऊन ये, आपण बिघडलेले फोटो आधी पाहू. हात कुठे थांबतो ते त्यांतच कळेल.

तुझा,
काका