वहन आकार कोणी किती भरावा?

प्रश्न : लालबागच्या चाळीत आमच्या घराला महिन्याला जेमतेम ८० युनिट वीज लागते. वीज घरापर्यंत पोचवण्याचा खर्च (बिलावरील ‘वहन आकार’) युनिटवर न लावता सर्व घरांकडून सारखाच घ्यावा, असा एक विचार वाचनात आला. हा लहान ग्राहकांवर अन्याय नव्हे काय? — एक वाचक, लालबाग

उत्तर : सरसकट सारखा आकार लावला, तर अन्यायच होईल. केवळ हिशेबासाठी वहन आकार युनिटला २ रुपये धरला, तर आपले १६० रुपये होतात आणि ६०० युनिट वापरणाऱ्या वरळीतील घराचे १,२०० रुपये. हेच १,३६० रुपये निम्मे-निम्मे वाटले, तर प्रत्येकी ६८० रुपये पडतात, म्हणजे आपला बोजा चौपटीहून अधिक होतो.

तथापि युनिटवर आकारण्याची आजची पद्धतही निर्दोष नाही. केबल, रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर) आणि उपकेंद्रे यांचा खर्च महिन्याच्या युनिटांवर ठरत नाही. मे महिन्यात रात्री घरोघरचे एसी एकदम चालू झाले की जी मागणी होते, ती पेलेल अशा बेताने ही यंत्रणा उभारावी लागते. ज्याला स्वतःची गच्ची आहे तो सौर पॅनेल बसवतो, नेट मीटरिंगमुळे दिवसाची वीज रात्रीच्या वापरातून वळती करून घेतो आणि वहन आकार बराचसा टाळतो, पण रात्री विसंबतो त्याच केबलवर. येणारी तूट पुढच्या दरनिश्चितीत गच्ची नसलेल्यांच्या माथी येते.

म्हणून आकारणी दारागणिक नव्हे, तर घराच्या कमाल मागणीनुसार, म्हणजे घर एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढते त्यानुसार व्हावी, असे आमचे मत आहे. बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रदेशात जानेवारी २०२३ पासून दरमहाच्या उच्चतम मागणीच्या सरासरीवर आकार घेतात. मात्र तेथे मागणी कमी असली तरी किमान २.५ किलोवॅट धरले जातात, आणि ही अट जशीच्या तशी उचलली, तर दोन दिवे, पंखा आणि फ्रिज एवढ्यावर भागवणारी खोली पुन्हा भरडली जाईल. येथे ती किमान मर्यादा नसावी.

दरवाढीच्या प्रस्तावांवर महाराष्ट्र वीज नियामक आयोग हरकती व सूचना मागवतो. पुढची जाहीर नोटीस निघेल तेव्हा चाळीतर्फे लेखी हरकत द्यावी, आणि तत्पूर्वी बिलावरील ‘मंजूर भार’ (एका वेळी जास्तीत जास्त वीज घेण्याची मंजूर मर्यादा) प्रत्यक्ष गरजेहून अधिक नोंदलेला नाही ना, हे तपासून घ्यावे.