सरासरी विचारू नकोस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी प्रश्नावली दोनदा वाचली. पुणे-मुंबई प्रवासी रेल्वे की रस्ता कसं ठरवतात, हा विषय मला मनापासून आवडला. पण ‘सरासरी किती वेळ लागतो?’ या प्रश्नावर सगळी मांडणी उभी करू नकोस. हायकोर्टात तारीख असलेल्या माणसाला सरासरी घेऊन काय करायचंय? त्याला बोरघाटात आडवा झालेला ट्रेलर दिसत असतो. रस्त्याने एखाद्या दिवशी लवकर पोचता येईल हे माहीत असूनही तो ७.१५ ची डेक्कन क्वीन धरतो. अर्धा तास आधी पोचला तर चहा होतो, अर्धा तास उशीर झाला तर पुकारा होऊन जातो.

पैशाचं नुकसान समोर दिसलं की माणूस ते टाळायला धोका पत्करतो, हे कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं. वेळेच्या नुकसानात मात्र तो धोका टाळतो, असं लक्लेर, श्मिट आणि दुबे या संशोधकांना १९९५ च्या अभ्यासात दिसलं. गेलेला पैसा पुढच्या महिन्यात भरून निघू शकतो. आज वाचलेली वीस मिनिटं शनिवारसाठी ठेवता येत नाहीत. शिवाय पुढचा सगळा दिवस त्या वेळेवर बेतलेला असतो.

हाच माणूस रविवारी लोणावळ्याला निघाला की बिनधास्त गाडी काढतो. म्हणून प्रवासाचं कारण आधी विचार. मग विचार: किती वाजता पोचायलाच हवं होतं, आणि त्यासाठी किती वेळ हाताशी ठेवून निघालात? तो हाताशी ठेवलेला वेळ म्हणजे त्याने धोक्यापोटी मोजलेली किंमत. तुझ्या प्रश्नावलीत तिला जागाच नाही.

आईच्या तपासण्यांसाठी आम्ही मुंबईला जायचो तेव्हा सकाळी नऊची वेळ मिळाली की आदल्या रात्रीच नातेवाइकांकडे पथारी टाकायचो. प्रवास साडेतीन तासांचा, पण त्यासाठी अख्खी रात्र खर्ची पडायची. तुझ्या तक्त्यात आमचे साडेतीन तासच आले असते.

सोमवारी पावणेसातला पुणे स्टेशनवर पासधारकांच्या डब्यापाशी उभी राहा. कागद बाहेर काढू नकोस. आधी नुसतं विचार, घरून किती वाजता निघालात.

तुझे,
सर